पाटल्या कुणी नेल्या?

पंचवटीत आमच्या वाड्यात एक काकू होत्या. सोन्याच्या दोन पाटल्या तांदळाच्या डब्यात दडवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सुनेच्या नावानं वाडा डोक्यावर घ्यायच्या. सगळ्यांचा निकाल ठरलेला: सासू खाष्ट, सून कोडगी. दोन वर्षं हे ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणून खपलं. मग एकदा रामकुंडावरून परतताना काकू चाळीस वर्षं पायाखालची वाट चुकल्या, तेव्हा कुठे डॉक्टर आठवले. निदान, अल्झायमर.

आता पाटल्यांचं बघू. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस असतो. नव्या घटनेची नोंद त्याच्यामार्फत होते. त्याच्याकडे जाणारा बराचसा मजकूर शेजारच्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समधून जातो आणि अल्झायमरमध्ये टाऊ या प्रथिनाचे गुंते सुरुवातीला नेमके याच भागात जमतात. म्हणजे काकू पाटल्या ‘कुठे ठेवल्या ते विसरल्या’ असं नाही, ठेवल्याची नोंदच झाली नाही. तुम्ही-आम्ही विसरतो तेव्हा काहीतरी निसटल्याची जाणीव तरी असते. इथे तीही नाही. मेंदूला अशी मोकळी जागा सहन होत नाही: जागेवर नाहीत, मी हलवल्या नाहीत, अर्थात कुणीतरी नेल्या. तर्क अगदी चोख! आणि दिवसभर घरात वावरणारी कोण, तर सून. भांडण काकू तासाभरात विसरत, राग मात्र उरे, कारण भावनांची नोंद ठेवणारा अमिग्डला हा भाग निराळा.

वाट चुकण्याचं मूळही तिथेच. ‘मी कुठे आहे’ याचा जणू नकाशा आखणाऱ्या ग्रिड पेशी याच एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये आहेत. त्यांच्या शोधासाठी मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं, ठरावीक जागी आलं की चेतणाऱ्या प्लेस पेशी शोधणाऱ्या जॉन ओकीफ यांच्यासोबत.

चोरीचा आळ जपानी सुनांवरही येतो. पण तिथल्या सरकारनं २००४ मध्ये स्मृतिभ्रंशाचं ‘मूर्खपणा’ सुचवणारं जुनं नावच बदललं. शुश्रूषेसाठी सार्वजनिक विमा तर २००० पासून आहे. आपल्याकडे अजून ‘म्हातारचळ’ आणि ‘साठी बुद्धी नाठी’. चळ म्हटला की डॉक्टरकडे कशाला जायचं? त्यात एकत्र कुटुंब. एकट्या राहणाऱ्या माणसाची वीजबिलं थकतात, दूध उतू जातं, कुणाच्या तरी लक्षात येतं. आमच्या काकूंचं बिल मुलगा भरायचा, दूध सून बघायची. आजार मायेच्या पदराखाली झाकला गेला. पुढे दिवसा सांभाळायला बाई ठेवायची म्हटलं, तर ‘घरात माणसं असताना?’

मध्यंतरी कुणीतरी पितृदोष काढला. त्र्यंबकेश्वरी तीन दिवस नारायण नागबळी झाला. बी-१२ आणि थायरॉईडची साधी रक्ततपासणी मात्र राहिलीच. या दोन्हींच्या बिघाडानंही स्मृती ढासळते आणि वेळेत उपचार झाले तर बऱ्याचदा सुधारते! पुढे ती तपासणी झाली तेव्हा काकूंचे रिपोर्ट नॉर्मल निघाले, हे नशीब की दुर्दैव, देव जाणे.

डॉक्टरांनी सुनेला एकच सांगितलं, वाद घालू नका, सोबत शोधा. मग दोघी मिळून तांदळाचा डबा उपसायच्या. पाटल्या सापडल्या की काकू तिच्या हातात ठेवून हळूच बजावायच्या, “नीट ठेव हो. घरात चोर आहे.”