फँटसी पोरांची की मोठ्यांची? थोडं मागं जाऊन बघू

सुट्ट्या लागल्या की सोलापुरात पुस्तकवाल्या मंडळींना एक प्रश्न हमखास येतो, पोरगं नववीत गेलंय, फँटसी वाचायचीय म्हणतंय, काय देऊ? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, जरा हळू आवाजात, की मलाही तसलं आवडतं ओ, माझ्या वयाला चालेल असं काही आहे का? मला त्या हळू आवाजाचं फार वाईट वाटतं. चाळिशीतल्या माणसाला रहस्यकथा मागताना लाज वाटत नाही, चरित्र मागताना तर मान ताठ असते, मग जादू, वेताळ, उडतं विमान मागतानाच संकोच का? हा संकोच आपल्याकडं मुळात नव्हता, तो नंतर आलाय, आणि तो कसा आला हे कळलं तर पुस्तक सुचवणाऱ्याचंही काम सोपं होतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात पैठणपासून करावी लागते. सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता अशी कथा आहे. राजाला संस्कृत किती दिवसात शिकवता येईल यावरून शर्ववर्मा नावाच्या दुसऱ्या पंडिताशी त्याची पैज लागली, गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याला संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. मग तो विंध्याच्या जंगलात गेला, पैशाची नावाची, पिशाचांची समजली जाणारी भाषा शिकला, सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजाकडं पाठवली तर राजा म्हणाला ही कसली पिशाचांची भाषा, नको आपल्याला. गुणाढ्यानं डोंगरावर आग पेटवली, एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. आजूबाजूची हरणं, डुकरं, रेडे सगळे चरायचं सोडून गोल करून उभे, डोळ्यात पाणी. आणि खरी गंमत पुढं आहे. राजा आजारी पडला, वैद्य म्हणाले मांस सुकं आहे त्यामुळं, राजानं आचाऱ्याला धरलं, आचाऱ्यानं पारध्यांना धरलं, पारधी म्हणाले महाराज आम्ही काय करणार, डोंगरावर एक बामण काहीतरी वाचतोय आणि जनावरं खायचीच थांबलीत. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते, तेही शिष्यांना आवडायचे म्हणून गुणाढ्यानं मागं ठेवलेले.

ही गोष्ट मला प्रचंड आवडते, कारण पुस्तक वाईट म्हणून नाकारलेलं नाहीये, ते आपल्या इभ्रतीला शोभत नाही म्हणून नाकारलंय. मूळ बृहत्कथा आज नाहीच, पण अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं तिच्यावरून कथासरित्सागर रचला, तो कुणासाठी तर राणी सूर्यवतीसाठी. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. म्हणजे ज्याला आपण आज पोरांच्या गोष्टी म्हणतो ते एका राणीच्या मनोरंजनासाठी लिहिलेलं होतं, आणि मूळ ग्रंथ वाचला तर त्यातल्या कित्येक गोष्टी पोरांना देण्यासारख्या अजिबात नाहीयेत, व्यभिचार, फसवणूक, स्मशान सगळं आहे.

छापखाना आल्यावरही हेच चाललं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला १८६१ ची, मग थोड्याच वर्षांत रिसबूडांची मंजुघोषा, ह्या मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्या आणि दोन्ही अद्भुतरम्य. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणायला घेतल्या तेही त्याच काळात, आणि ते काही लहान मुलांचे लेखक नव्हते. थोडंसं उत्तरेकडं बघितलं तर देवकीनंदन खत्रींची चंद्रकांता १८८८ ची, ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात.

मग बिनसलं कुठं? १८७२ मध्ये का. बा. मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांच्यावर एक निबंध लिहिला, त्यात असल्या अशक्य कोटीतल्या कथानकांवर चांगलीच टीका होती, खऱ्या जगाशी यांचा काय संबंध असा एकूण सूर. आणि मग १८८५ पासून हरिभाऊ आपटे आले, विधवांचं दुःख, मध्यमवर्गाचं घर, हे सगळं कादंबरीत आलं आणि ते यायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की वास्तव म्हणजे गंभीर आणि अद्भुत म्हणजे वेळ घालवणं, अशी वाटणी तिथून पक्की होत गेली ती अजून सुटलेली नाही.

वाचकांनी मात्र ऐकलं नाही. नाथमाधवांची वीरधवल १९१३ ची, पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडून हा माणूस कमरेखाली लुळा झाला, अंथरुणावर पडल्या पडल्या वाचत गेला आणि त्यातून लेखक झाला. गो. ना. दातारांच्या कालिकामूर्ति, इंद्रभुवनगुहा ह्याही तशाच, रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या धर्तीवरच्या पण वातावरण पार आपलं करून टाकलेलं, भुयारं, गुप्त दरवाजे, जोगी. ह्यांचे वाचक मोठी माणसंच होती, फरक इतकाच पडला की आता ही पुस्तकं कपाटाच्या खालच्या फळीवर गेली.

पोरांच्या फळीवर ती गेली ती मासिकांमुळं. चंदामामा जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये मद्रासहून सुरू झालं, नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांचं, आणि मराठी चांदोबा १९५२ मध्ये आला. सोलापूरला ह्याचा जरा वेगळाच फायदा झाला, कारण पूर्व भागात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी अशी हजारो घरं, अक्कलकोटच्या बाजूची कन्नड बोलणारी मंडळी वेगळीच, त्यामुळं एकच गोष्ट शेजारच्या घरात दुसऱ्या भाषेत वाचली जायची. शंकर यांनी काढलेलं ते चित्र आठवत असेल, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागं वडाच्या पारंब्या आणि कवट्या, राजाच्या चेहऱ्यावर भीतीचा पत्ता नाही. भाषा कुठलीही असो, चित्र तेच. आजी तेलुगूत वाचून दाखवायची आणि नातू मराठीत पुढचं वाचायचा असं जुनी माणसं अजून सांगतात. म्हणजे मासिक मुलांचं होतं पण वाचायचं सगळं घर. तरीपण कपाटावर नाव पडलं ते बालसाहित्य. नंतर १९७१ मध्ये बालभारतीचं किशोर आलं, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न हा फ्रेंच लेखक मराठीत आणला, हे सगळं उत्तमच झालं पण ते सगळं एका बाजूला, मुलांच्या.

मोठ्यांच्या बाजूला त्या काळात कोण होतं? नारायण धारप. भयकथावाले म्हणून ओळख, पण त्यांच्या कथांतला समर्थ हा नायक, त्यांची चांगल्या-वाईटाची लढाई, दुसऱ्या मितीतून येणारं काहीतरी, हे सगळं फँटसीच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची लुचाई ही कादंबरी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून घेतलेली हे खरंय, पण वातावरण इतकं मराठी गावाचं की फरक पडत नाही. धारप मागायची पोरांना लाज वाटायची नाही, उलट घरच्यांपासून लपवून वाचायची. २०१८ मध्ये तुंबाड हा सिनेमा आला, त्यामागं धारपांच्या एका कथेचीही प्रेरणा आहे हे कळल्यावर कॉलेजातली पोरं धारप विचारत यायला लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता बाहेर काय झालं ते बघू, कारण आज जी यादी लोक मोबाईलवर पाठवतात ती बाहेरचीच असते.

टोल्किन या इंग्रज लेखकाच्या हॉबिट या पुस्तकाची शिफारस पहिल्यांदा कुणी केली माहितीय? प्रकाशक स्टॅन्ली अन्विनचा मुलगा रेनर, वय १०. वडील त्याला एक शिलिंग द्यायचे आणि तो हस्तलिखित वाचून अहवाल लिहायचा. १९३६ मध्ये त्यानं लिहून दिलं की पुस्तक चांगलं आहे, ५ ते ९ वयाच्या मुलांना आवडेल. पुस्तक १९३७ मध्ये आलं. आणि हाच रेनर मोठा होऊन वडिलांच्या कंपनीत आला, तेव्हा लॉर्ड ऑफ द रिंग्ज छापायचं की नाही हा प्रश्न त्याच्यापुढंच आला, हजार पौंड बुडतील असं त्यानं वडिलांना कळवलं आणि वडील म्हणाले, तुला हे खरंच थोर वाटत असेल तर बुडव हजार पौंड. १९५४-५५ मध्ये तीन भाग आले. तोच लेखक, तेच जग आणि शिफारस करणाराही तोच, फक्त तो मोठा झाला होता.

तरीपण ते पुस्तक तरुण पोरांच्या हातात पडलं ते स्वस्त झाल्यावर. १९६५ मध्ये अमेरिकेत एस बुक्सनं लेखकाला न विचारताच ७५ सेंटची पेपरबॅक काढली, मग बॅलंटाइननं ९५ सेंटची अधिकृत काढली, ह्या भांडणाचा एवढा गवगवा झाला की कॉलेजात पुस्तक वणव्यासारखं पसरलं. खप बघून बॅलंटाइननं १९६९ मध्ये एक मालिकाच काढली आणि नाव दिलं ‘अ‍ॅडल्ट फँटसी’. म्हणजे मोठ्यांची फँटसी हे लेबल विक्रेत्यानं चिकटवलेलं आहे, वाचक तर आधीपासून होतेच. दुसरीकडं उर्सुला ले ग्विनला एका प्रकाशकानं सांगितलं की जरा मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिही, त्यातून १९६८ मध्ये अर्थसी आलं, आणि ते पुस्तक मी आजही पन्नाशीच्या माणसाला बिनधास्त देतो. हॅरी पॉटरचंही तसंच, बारा प्रकाशकांनी नाकारलेलं हस्तलिखित ब्लूम्सबरीच्या प्रमुखाच्या आठ वर्षांच्या मुलीनं वाचलं आणि पुढचं दे म्हणून मागं लागली. १९९७ मध्ये पहिली आवृत्ती, आणि लगेच पुढच्या वर्षी मोठ्यांसाठी वेगळं, काळपट मुखपृष्ठ काढावं लागलं, ट्रेनमध्ये वाचताना लाज वाटू नये म्हणून. म्हणजे तो हळू आवाज फक्त सोलापुरातच आहे असं नाही!

आता सुचवण्याच्या कामाबद्दल. ह्याचाही इतिहास आहे आणि त्यात आपला माणूस अगदी पुढं आहे. मद्रासच्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं छापली, त्यातली दोन म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वयाचा उल्लेख त्यात कुठं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स नावाच्या बाई होत्या, वस्त्यांमध्ये घोडागाडीतून पुस्तकं घेऊन जायच्या आणि हाताखालच्या लोकांना सांगायच्या की आधी स्वतः भरपूर वाचा मग पोरांना सुचवा. त्यांच्या टोपणनावावरून १९९८ पासून अ‍ॅलेक्स पुरस्कार देतात, दरवर्षी मोठ्यांसाठी लिहिलेली पण १२ ते १८ वयाच्या मुलांना आवडतील अशी दहा पुस्तकं निवडतात. आपल्याकडं असं काहीतरी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, खास कुमारांसाठी लिहिलेलं मराठीत कमी आहे आणि मोठ्यांच्या कपाटात त्यांना चालण्यासारखं भरपूर पडलंय.

१९८२ मध्ये बेटी रोझेनबर्ग यांनी असल्या लोकप्रिय प्रकारांच्या पुस्तकांची वाटाड्यासारखी एक यादी काढली आणि त्यांचा पहिला नियम होता, आपल्या वाचनाच्या आवडीबद्दल कधीही माफी मागू नका. मग १९८९ मध्ये जॉयस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राऊन यांनी सांगितलं की वाचकाला विषय विचारूच नका, मागचं पुस्तक का आवडलं ते विचारा, वेग आवडला, माणसं आवडली, कथानक आवडलं की त्यातलं जग आवडलं. हे मी करून बघितलंय आणि ते लागू पडतं. चांदोबा आवडायचा असं सांगणाऱ्या काकूंना मी विचारलं त्यात काय आवडायचं, तर म्हणाल्या वेताळाचा शेवटचा प्रश्न. त्यांना राक्षस-जादू नकोच होतं, त्यांना कोडं पाहिजे होतं. त्यांना मूळ कथासरित्सागराचा अनुवाद दिला, खूष झाल्या.

वय मात्र पूर्ण सोडून चालत नाही, हेही सांगतो. मार्टिनची गेम ऑफ थ्रोन्स १९९६ ची, त्यात मुख्य पात्रं कितीतरी पोरंच आहेत पण आतली हिंसा आणि बाकीचं बघता तेरा वर्षांच्या मुलाला मी देणार नाही, आणि आईबापांनी विचारलं तर आत काय आहे ते सरळ सांगतो. अर्थसी, हॉबिट, पॉटर ह्यांना काही अडचण नाही. पॉटर मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ पासून आहे, लॉर्ड ऑफ द रिंग्ज मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून आणलंय, अमीशचं मेलुहाही मराठीत मिळतं. सध्या कित्येक घरांत इंग्रजी माध्यमातली पोरगी इंग्रजी प्रत वाचते आणि आई मराठी, आणि जेवताना दोघी त्याच पात्रावरून भांडतात, हे तर फारच भारी आहे.

अडचण उरते ती कपाटाची. जुन्या वाचनालयात जाऊन फँटसी कुठंय विचारलं तर बहुतेक वेळा बालविभागाकडं बोट दाखवतात. तिथं पॉटर मिळेल, पण धारप रहस्य-भयकथेत असतात, नाथमाधव आणि दातार जुन्या कादंबऱ्यांत, कथासरित्सागर संस्कृतच्या किंवा संदर्भाच्या बाजूला, मेलुहा पौराणिकमध्ये. म्हणून विचारताना फँटसी म्हणू नका, लेखकाचं नाव सांगा, पुस्तकांच्या यादीची कार्डं बहुतेक ठिकाणी लेखकाच्या नावानं लावलेली असतात, पटकन सापडतं. आणि पोराचं बालविभागाचं कार्ड वेगळं असेल तर त्यावर स्वतःसाठी पुस्तक घ्या की, फक्त तिथं चालतं का ते काउंटरवर आधी विचारा.