भावांची गोष्ट पद्यात : एका कादंबरीची पार्श्वभूमी

अमेरिकन कवी क्वामे अलेक्झांडर यांची ‘द क्रॉसओव्हर’ ही कुमारवाचकांसाठीची कादंबरी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१५ मध्ये तिला न्यूबेरी पदक हा अमेरिकन बालसाहित्यातील मानाचा पुरस्कार मिळाला. जॉश आणि जॉर्डन हे बास्केटबॉल खेळणारे जुळे भाऊ, एकेकाळी व्यावसायिक खेळाडू असलेले पण आता रक्तदाबाने ग्रासलेले आणि डॉक्टरांकडे जायला टाळाटाळ करणारे वडील, आणि हे सारे पाहणारी आई, एवढाच तिचा संसार आहे. एका भावाच्या आयुष्यात मुलगी येते, दुसऱ्याला एकटे पडल्यासारखे वाटते आणि मनातला राग एके दिवशी चेंडूच्या जोरदार फेकीतून सख्ख्या भावाच्या तोंडावर आदळतो. ही सगळी कथा कवितांमधून सांगितलेली आहे. सामन्याप्रमाणेच तिचे वॉर्म-अप, चार क्वार्टर आणि ओव्हरटाइम असे भाग पाडलेले आहेत.

हा प्रकार अचानक उगवलेला नाही. रशियन कवी पुश्किनची ‘येवगेनी अनेगिन’ ही पद्य कादंबरी १८३३ मध्ये संपूर्ण स्वरूपात छापली गेली आणि तिच्याच कडव्याचा साचा घेऊन विक्रम सेठ यांनी १९८६ मध्ये ‘द गोल्डन गेट’ लिहिली. कुमारसाहित्यात या प्रकाराला मोठी मान्यता मिळाली ती कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’मुळे. १९३० च्या दशकातील ओक्लाहोमाच्या धुळीच्या वादळांत वाढणाऱ्या मुलीच्या या कथेला १९९८ चे न्यूबेरी पदक मिळाले होते.

सोलापूरच्या वाचकाला मात्र ही परंपरा शोधायला एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. सांगोला तालुक्यातील नाझऱ्याच्या कवी श्रीधरांनी १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ पूर्ण केला आणि तेव्हापासून महाभारतातील भाऊबंदकी ओवीच्या चालीवर घराघरांत ऐकली गेली. चौरंगावर पोथी ठेवून एकाने वाचायचे आणि घरातल्या लहानथोरांनी ऐकायचे, ही रीत आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत अजूनही चातुर्मासात पाहायला मिळते. महाभारतकथेतील द्रोणशिष्यांच्या शस्त्रपरीक्षेचा प्रसंग या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. भर रिंगणात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, प्रेक्षक दोन बाजूंना वाटले जातात, आणि समोर उभे ठाकलेले दोघेही आपलेच मुलगे आहेत हे एकट्या कुंतीला ठाऊक असते. ती तिथेच मूर्च्छित होते. भाऊ, चुरस आणि आईची घालमेल यांचे याहून नेमके चित्र आजच्या कादंबरीतही क्वचितच सापडेल.

भावांमधला दुरावा सोलापूरच्या काव्येतिहासातही आहे. शाहीर राम जोशी याच गावचे. त्यांचे थोरले बंधू मुद्गल जोशी पुराणिक होते, आणि धाकट्या भावाला लागलेला तमाशाचा नाद न रुचल्यामुळे त्यांनी त्याला घराबाहेर काढले, असे राम जोशींच्या चरित्रात सांगितले जाते. त्यानंतर पंढरपुरात बाबा पाध्ये यांच्याकडे राम जोशींनी संस्कृताचे अध्ययन केले. त्यांच्या लावणीत डफाची लय आणि पंडिताची शब्दकळा एकत्र नांदते, त्यामागे घर सुटलेल्या या मुलाची दोन्हीकडची ओढ आहे, असे मला मनापासून वाटते.

आधुनिक मराठीत खंडकाव्याने कथा पुढे नेली. माधव ज्यूलियन यांचे ‘विरहतरंग’ १९२६ चे आणि कवी यशवंत यांचे ‘बंदीशाळा’ १९३२ चे. बालगुन्हेगारांच्या जीवनावरील ‘बंदीशाळा’ हे कोवळ्या वयातील मुलांच्या दुःखाला पद्यात स्थान देणारे मराठीतले मोलाचे काव्य आहे. पुढे मुक्तछंद आला, कथा गद्याकडे गेली आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी दीर्घ पद्यकथा लिहिण्याची सवय आपल्याकडे क्षीण होत गेली, याची हळहळ वाटते.

अलेक्झांडर यांनी ती वाट हिप-हॉपच्या ठेक्यावरून पुन्हा चालून दाखवली. क्रॉसओव्हर म्हणजे ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेताना, तो झटक्यात एका हातातून दुसऱ्या हातात नेऊन समोरच्याला चकवणे; पुस्तकाच्या सुरुवातीच्या कवितेत शब्दही तसेच पानावर घसरतात, उसळतात, लहानमोठे होतात. काही कविता शब्दकोशातील नोंदीसारख्या आहेत, कारण जॉशला अवघड शब्दांचे वेड आहे. ‘दुरावलेला’ या अर्थाचा शब्द त्याला भावामुळे कळतो, तर हृदयविकाराच्या झटक्याचे वैद्यकीय नाव वडिलांमुळे.

मराठीत अशी कादंबरी लिहायची तर खेळ खो-खोचा असावा. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले, नववा धावणारा, आणि पाठीवर थाप पडताच कानावर येणारे ते एकच अक्षर, ज्यानंतर बसलेल्याने उठून धावायचे आणि धावणाऱ्याने त्याच्या जागी बसायचे. ओळ कुठे तोडावी आणि पुढची कोणी उचलावी, हे त्या अक्षरातच आहे.