आवडतो, पण निवडून येईल का? अमेरिकी प्रायमरीतल्या एका जुन्या धास्तीची पार्श्वभूमी

तिकीटवाटपाचे दिवस आले की आपल्याकडच्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो: ‘इलेक्टिव्ह मेरिट’. निवडून येण्याची क्षमता. ती कोणात आहे हे मुंबईत नाहीतर दिल्लीत बसलेले चारदोन नेते ठरवतात. सर्व्हे मागवतात, जातीची गणितं मांडतात, आणि कार्यकर्त्याला निकाल कळतो तो एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला यावरून. अमेरिकेत हे काम साध्या मतदाराच्या अंगावर येऊन पडलं आहे. तिथे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी पक्षांतर्गत निवडणूक होते, ती प्रायमरी. काही राज्यांत शेजारीपाजारी एखाद्या सभागृहात जमून कौल देतात, तो कॉकस. तिथे उभ्या असलेल्या माणसाला दोन प्रश्न एकदम सोडवावे लागतात. मला कोण हवा? आणि नोव्हेंबरात, म्हणजे मुख्य निवडणुकीत, बाकीच्यांना कोण चालेल?

या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ‘हा निवडून येणार नाही’ ही धास्ती विरोधकांत जेवढी असते, त्याहून जास्त त्या उमेदवाराच्या आपल्याच माणसांत असते.

प्रायमरीची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पक्षाच्या पुढाऱ्यांनी बंद खोलीत उमेदवार ठरवू नयेत, या आग्रहातून विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी ती पुढे रेटली. १९१२ साली तिची पहिली मोठी कसोटी लागली. रिपब्लिकन पक्षात तेव्हाचे अध्यक्ष विल्यम टाफ्ट आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट समोरासमोर होते. जिथे प्रायमरी झाल्या त्यातल्या बहुतेक रूझवेल्टनी मारल्या, अगदी टाफ्ट यांच्या घरच्या ओहायोतलीसुद्धा. पण उमेदवार पक्का होतो त्या पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या ताब्यात होती आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून लढले, रिपब्लिकन मतं फुटली, आणि सुमारे ४२ टक्के मतांवर डेमोक्रॅट वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. टाफ्ट तिसरे आले, अध्यक्ष ठरवणाऱ्या राज्यवार निर्वाचक मतांपैकी फक्त ८ घेऊन. मतदारांनी दिलेला पुरावा समोर होता, पुढाऱ्यांनी तो वाचला नाही.

चाळीस वर्षांनी त्याच टाफ्ट यांचा मुलगा, सिनेटर रॉबर्ट टाफ्ट, याच प्रश्नावर अडला. १९५२ साली पक्षाच्या जुन्या निष्ठावंतांचं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं. पण पक्ष सलग पाच अध्यक्षीय निवडणुका हरला होता, आणि ‘टाफ्ट जिंकू शकत नाहीत’ हे वाक्य सगळीकडे फिरत होतं. उत्तर म्हणून पुढे आले जनरल आयझेनहॉवर. ते तेव्हा नाटोचे सेनापती म्हणून युरोपात होते आणि राज्यात पाऊलही न टाकता न्यू हॅम्पशायरची प्रायमरी जिंकले. त्या काळी प्रायमरीचा उपयोग एवढाच होता: पुढाऱ्यांना दाखवायचं की लोक या माणसाला मत देतात. उमेदवार ठरवणं पुढाऱ्यांच्याच हातात.

हे दाखवणं किती जिवावरचं असतं, ते १९६० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात दिसलं. डेमोक्रॅटांची उमेदवारी मागणारे जॉन केनेडी कॅथलिक होते. त्याआधी १९२८ साली अल स्मिथ हे पहिले कॅथलिक उमेदवार हर्बर्ट हूवर यांच्याकडून सपाटून हरले होते, डेमोक्रॅटांची हक्काची काही दक्षिणी राज्यंही त्यांनी गमावली होती. ती आठवण बत्तीस वर्षांनीही ताजी होती, आणि सगळ्यात ताजी होती कॅथलिक पुढाऱ्यांच्या मनात. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स स्वतः कॅथलिक. दोनच वर्षांपूर्वी ते गव्हर्नर झाले होते ते थोडक्यात बचावून, धर्मामुळे किती मतं जातात ते त्यांनी अंगावर झेललं होतं. केनेडी वाईट आहेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पुन्हा आपल्यातला एक जण पुढे करून पुन्हा तसाच मार खायचा का, हा त्यांचा प्रश्न होता.

एप्रिलमध्ये केनेडींनी विस्कॉन्सिनमध्ये पक्षातलेच प्रतिस्पर्धी ह्युबर्ट हम्फ्री यांना हरवलं. पण विश्लेषकांनी आकडे उलगडले आणि म्हणाले, ही तर कॅथलिक भागांतली मतं. जिंकूनही काही सिद्ध झालं नाही. म्हणून मग वेस्ट व्हर्जिनिया: कोळशाच्या खाणी, गरिबी आणि जवळपास सगळी वस्ती प्रोटेस्टंट. सुरुवातीच्या पाहणीत केनेडी तिथे मोठ्या फरकाने पुढे होते. त्यांचा धर्म लोकांना कळला तसं चित्र उलटलं. सल्लागार म्हणत होते, धर्माचा विषय काढूच नका. केनेडींनी तो स्वतःहून काढला. खाणीची पाळी सुटायच्या वेळी ते दाराशी उभे राहत, काजळीने काळवंडलेले हात हातात घेत. सभांत ते आपल्या थोरल्या भावाबद्दल बोलत. तो दुसऱ्या महायुद्धात विमान घेऊन शेवटच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याला कोणी धर्म विचारला नव्हता. मतदानाच्या आधीच्या रविवारी ते टीव्हीवर आले. शेजारी होते फ्रँकलिन रूझवेल्ट धाकटे, ज्यांच्या वडिलांचा, म्हणजे माजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा, फोटो त्या खाणकामगारांच्या घराघरांत लागलेला होता. केनेडी सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाले, की धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याची शपथ मोडणारा अध्यक्ष राज्यघटनेचा गुन्हेगार तर होतोच, शिवाय देवाच्या नावाने घेतलेली शपथ मोडून पापही करतो. १० मे रोजी त्यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली. त्याच रात्री हम्फ्री शर्यतीतून बाहेर पडले.

पैशाचा हिशेब इथे सोडता येत नाही. वडिलांच्या संपत्तीमुळे केनेडींचा प्रचार विमानाने फिरत होता आणि हम्फ्री बसने. विस्कॉन्सिनमध्येच हम्फ्री म्हणाले होते, की साखळी दुकानाशी झुंजणाऱ्या एकट्या दुकानदारासारखी आपली गत झाली आहे. तरीही पुढारी हलले ते त्या मतपेट्यांमुळे. नोव्हेंबरात केनेडी जेमतेम सव्वा लाखाच्या आतल्या फरकाने पुढे राहिले. धर्मामुळे त्यांनी प्रोटेस्टंट मतं गमावली, आणि धर्मामुळेच कॅथलिक मतं भरभरून मिळवली. लॉरेन्स यांची भीती खोटी नव्हती, पण त्या हिशेबात एकच बाजू धरलेली होती.

पुढच्या काही वर्षांत दोन्ही पक्षांच्या अंगावर वळ उठले. १९६४ साली रिपब्लिकनांनी मनाला पटलेले बॅरी गोल्डवॉटर उभे केले आणि ५० पैकी ४४ राज्यं घालवली. त्यानंतर विल्यम बकले या उजव्या विचारवंताने १९६७ मध्ये एक सूत्र सांगितलं, जे आजही त्या पक्षात तोंडी आहे: जिंकू शकणाऱ्यांतला जो सर्वात जास्त उजवा, त्याच्यामागे उभे राहा. डेमोक्रॅटांकडे १९६८ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतली, जॉन यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांना कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्रीच प्राणघातक गोळ्या घातल्या गेल्या, आणि एकही प्रायमरी न लढता उपाध्यक्ष हम्फ्री शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाले. बाहेर रस्त्यावर युद्धविरोधी निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालू होत्या. त्या संतापातून पक्षाने नियमच बदलले. पक्षाच्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मतदारांच्या हाती दिला. माझ्या मते सगळ्यात मोठं वळण हेच. पुढाऱ्यांची सत्ता मतदाराकडे आली आणि तिच्यासोबत पुढाऱ्यांची काळजीही आली.

१९७२ साली हे लगेच जाणवलं. जिंकू शकणारा माणूस म्हणून सगळ्यांची बोटं सिनेटर एडमंड मस्की यांच्याकडे होती. रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांची माणसंही तसंच मानत होती, म्हणून तर त्यांनी आधी मस्कींनाच खच्ची करायचं ठरवलं. न्यू हॅम्पशायरच्या एका वृत्तपत्रात एक बनावट पत्र छापून आलं, पाठोपाठ मस्कींच्या बायकोबद्दल वाईटसाईट मजकूर. २६ फेब्रुवारीला भर बर्फात, त्या वृत्तपत्राच्या कचेरीसमोर एका उघड्या ट्रकवर उभे राहून मस्की उत्तर द्यायला लागले आणि त्यांचा आवाज फुटला. गालावर अश्रू होते की वितळलेला बर्फ, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. मस्की शेवटपर्यंत बर्फच म्हणत राहिले. त्यांनी ती प्रायमरी जिंकली, ४६ विरुद्ध ३७ टक्क्यांनी. पण शेजारच्या मेन राज्याच्या माणसाला एवढीच मतं, म्हणून ती हार मानली गेली. ज्याची सगळी पुण्याई ‘हाच जिंकेल’ एवढ्यावर उभी असते, त्याच्या हाती एक डळमळीत निकाल आला की मग काही उरत नाही. उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मिळाली आणि नोव्हेंबरात ते ४९ राज्यं हरले.

गोल्डवॉटर आणि मॅकगव्हर्न ही दोन नावं तेव्हापासून बागुलबुवासारखी वापरली जातात. पण १९८० चं उदाहरण कोणी तेवढ्या आवाजात सांगत नाही. रोनाल्ड रेगन फार उजवे, असं त्यांच्याच पक्षाचे माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना वाटत होतं. इतका कडवा माणूस देशभरात जिंकू शकत नाही, हे ते उघड बोलले. रेगन ४४ राज्यं जिंकले.

२००४ मध्ये डेमोक्रॅट मतदारांनी मनाविरुद्ध मन मारून मत दिलं, ते मला सर्वात जास्त चटका लावतं. इराक युद्धाला विरोध करणारे हॉवर्ड डीन त्यांना भावत होते. पण बुश यांना हरवायचं तर युद्धात लढलेला माणूस हवा, म्हणून आयोवात जॉन केरी ३८ टक्के आणि डीन १८. ‘प्रेम डीनशी, लग्न केरीशी’ अशा अर्थाचे स्टिकर गाड्यांवर लागले. केरींनी स्वतः युद्धाच्या ठरावाच्या बाजूने मत दिलेलं होतं, हे विसरायचं ठरलं. मग ऑगस्टमध्ये विरोधकांनी जाहिरातींतून त्यांच्या व्हिएतनाममधल्या कामगिरीवरच घाव घातला, म्हणजे ज्या कारणासाठी त्यांना निवडलं होतं त्यावरच. ओहायो गेलं आणि निवडणूकही.

चारच वर्षांनी लॉरेन्स यांचा प्रश्न दुसऱ्या घरात विचारला जात होता. साउथ कॅरोलायनातल्या अनेक काळ्या मतदारांना बराक ओबामा आवडत होते, पण गोरे लोक या माणसाला मत देतील यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. नागरी हक्क चळवळीतले जॉन लुइस यांच्यासारखे नेतेही हिलरी क्लिंटन यांच्या बाजूला होते. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवाने, जिथे दहातले नऊहून अधिक लोक गोरे, ओबामांना पहिलं केलं. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामा ५५ टक्के, क्लिंटन २७. फेब्रुवारीत लुइसही ओबामांकडे आले. वेस्ट व्हर्जिनियाने केनेडींसाठी केलं तेच आयोवाने केलं. दुसऱ्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज तिथे संपला आणि प्रत्यक्ष मतं मोजली गेली.

हा प्रश्न एका मराठी माणसाच्याही वाट्याला आला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे कोट्यवधी रुपयांच्या घरातले डॉलर खर्चून. दुसरे होते डॉक्टर अब्दुल अल-सईद, ज्यांच्याबद्दल मुसलमान गव्हर्नर मिशिगनला चालेल का, हे लोक दबक्या आवाजात विचारत. ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के घेऊन जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले. चार वर्षांनी तेच ठाणेदार डेट्रॉइटच्या मतदारसंघातून, नऊ उमेदवारांच्या गर्दीत ३० टक्क्यांपेक्षा कमी मतांवर प्रायमरी जिंकून अमेरिकी संसदेत पोचले.

२०२० ला हाच प्रश्न बायकांनी विचारला. २०१६ मध्ये ट्रम्प निवडून येऊच शकत नाहीत असं ठामपणे सांगणारे सगळे चुकले होते, आणि क्लिंटन यांच्या पराभवाचा धसका डेमोक्रॅट बायकांनी घेतला होता. एलिझाबेथ वॉरन मनातून आवडतात, पण शेजाऱ्याला बाई चालणार नाही, हे त्या काळात कितीदा तरी बोललं गेलं. जो बायडन यांच्या पत्नी जिल तर प्रचारात सांगत होत्या, की तुमचा आवडता उमेदवार काही मुद्द्यांवर जो बायडन यांच्यापेक्षा सरस असेलही, पण जिंकणार कोण ते बघा. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. मग साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला: जोला आम्ही ओळखतो, आणि जो आम्हाला ओळखतो. २९ फेब्रुवारीला बायडन जवळपास निम्मी मतं घेऊन जिंकले आणि तीन दिवसांत शर्यतीचं रूप पालटलं. तिथल्या वयस्क काळ्या मतदारांनी विचार केला होता तो गोऱ्या मतदारांचा, ज्यांना ते जन्मभर जवळून बघत आले. त्यांचा अंदाज बरोबर ठरला, पण किती थोडक्यात! ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतला फरक मिळून ४३ हजारांच्या आसपास होता.

२०२४ मध्ये निकी हेली रिपब्लिकन मतदारांना पाहण्यांचे आकडे दाखवत फिरल्या, की बायडन यांना मी ट्रम्पपेक्षा मोठ्या फरकाने हरवते. व्हरमाँट आणि राजधानी वॉशिंग्टन सोडून कुठेच त्या जिंकल्या नाहीत. डेमोक्रॅटांकडे बायडन यांच्यासमोर तगडा उमेदवारच नव्हता. त्यांच्या वयाबद्दल मतदारांना वाटत असलेली काळजी प्रायमरीत मोजलीच गेली नाही. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. प्रायमरी उरकल्या होत्या, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्यासाठी ना वेस्ट व्हर्जिनिया होतं ना आयोवा. ऑगस्टमध्ये पक्षाच्या प्रतिनिधींनी त्यांच्या नावावर शिक्कामोर्तब केलं आणि उमेदवारी स्वीकारायला त्या शिकागोच्या व्यासपीठावर आल्या, जिथे ५६ वर्षांपूर्वी ह्युबर्ट हम्फ्री हे उपाध्यक्षही असेच, प्रायमरीत मतं न मागता, उमेदवार झाले होते.