लोड जास्त झालाय की वायर खराब झाली आहे?

घर जुनं, एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो, आणि वायरमन बोर्ड उघडून सांगतो, "सगळं वायरिंगच बदलावं लागेल." कधी ते खरं असतं. कधी मात्र वायर धडधाकट असते, तिच्यावर टाकलेला लोडच तिला पेलण्याजोगा नसतो. बाहेरून दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. पण लोडच जास्त असेल तर एखादी नवी लाइन ओढून भागतं, वायर खराब असेल तर भिंती उघडाव्या लागतात. म्हणून घराचं वय विचारून निर्णय घेऊ नये, आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधावं.

लोडचं गणित सोपं आहे. जुन्या घरांतलं वायरिंग दिवे, पंखे, इस्त्री एवढाच हिशेब धरून केलेलं असतं. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडीही तेवढाच. दोन्ही एकाच लाइनवर एकदम चालले तर १७-१८ अँपिअर होतात, आणि पाइपातून गेलेल्या दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला ते सोसत नाही. शिवाय वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

अशा वेळी एमसीबी लगेच पडत नाही. त्याच्या आतली दोन धातूंची पट्टी हळूहळू तापून वाकते, मग तो पडतो. गीझर आणि शेगडी एकत्र लावल्यावर काही वेळाने वीज जाते, एक बंद ठेवलं की दिवसभर टिकते. पडल्यापडल्या वर केला तर कधीकधी उभाच राहत नाही, थोडा थंड झाल्यावर राहतो. हा नमुना दिसला तर संशय लोडवर घ्यावा.

वायर खराब होते म्हणजे काय होतं? भिंतीतलं तांबं सहसा टिकून असतं. संपतं ते त्यावरचं आवरण. खूप जुन्या घरांत कापडाने विणलेलं रबरी आवरण सापडतं. ते वाळून तडकतं, आणि वायर जरा वाकवली तरी त्याचे तुकडे गळून पडतात. नंतरच्या काळातलं साधं पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असतं. त्यापुढे वारंवार तापलं की ते कडक आणि ठिसूळ होतं. म्हणजे वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेला ओव्हरलोडच पुढे वायर खराब करतो.

खराब वायरचा त्रास लोड बघून येत नाही. रात्री सगळं बंद असतानाही एमसीबी पडतो, भिंतीला ओल आली की आरसीसीबी (करंट कुठे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) पडतो, धातूच्या वस्तूला किंवा नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. झिणझिण्या आल्या तर पुढचं काही तपासत बसू नका. मेन बंद करा आणि जाणकाराला बोलवा. नुसताच आरसीसीबी पडत असेल तर घरातले सगळे प्लग काढून बघा. फक्त बटण बंद करून चालत नाही, कारण न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जोडलेलाच राहतो आणि गीझरच्या बिघडलेल्या कॉइलमुळेही आरसीसीबी पडू शकतो. प्लग काढल्यावर तो टिकला तर दोष एखाद्या उपकरणात आहे. तरीही पडला तर वायर, बोर्ड किंवा पक्क्या जोडलेल्या दिव्या-पंख्यांकडे वळायचं.

या दोघांच्या आड एक तिसरा दोष लपतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं: सैल जॉइंट. प्लगची पिन काळी पडते, दिवा मिचमिचतो, प्लास्टिक जळल्याचा वास येतो, पण एमसीबी ढिम्म. करंट वाढलेला नसतो, उष्णता फक्त त्या एका ठिकाणी साठते. आरसीसीबीलाही ते कळत नाही. ॲल्युमिनियमच्या वायरमध्ये हा धोका जास्त, कारण स्क्रूखाली ती हळूहळू दबते आणि तिच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो.

खात्रीसाठी मेगर टेस्ट करून घ्यावी. उपकरणं काढून प्रत्येक लाइनला ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशनचा रोध मोजतात. तो किमान १ मेगओहम हवा. नव्या, चांगल्या वायरचा आकडा शेकड्यांत येतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून हे लाइनवार लिहून घ्या, म्हणजे घर सगळं खराब आहे की एकच लाइन, ते कळेल. मात्र कोरड्या हवेत तडकलेलं रबरही चांगला आकडा देऊ शकतं. म्हणून मेन बंद करून दोन-चार बोर्ड उघडायला लावा आणि वायर हळूच वाकवून बघायला सांगा.

रबरी-कापडी वायर निघाली तर आकडा काहीही असो, बदलायचीच. ॲल्युमिनियम असेल तर शक्यतो बदला, निदान सगळे जॉइंट तपासून त्यासाठीच्या खास कनेक्टरने पुन्हा करा. अर्थिंगची वायरच नसेल तर ती घालायलाच हवी. पण तांब्याची पीव्हीसी वायर लवचिक असेल, मेगरचा आकडा चांगला असेल आणि अर्थिंग असेल, तर ती निव्वळ वयामुळे उखडू नका. गीझरला, एसीला, शेगडीला डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या मुख्य बोर्डापासून) ४ स्क्वेअर एमएमच्या स्वतंत्र लाइन ओढा आणि जुनी लाइन दिवे-पंख्यांपुरती ठेवा.

एक गोष्ट मात्र दोन्ही परिस्थितींत करू नका: एमसीबी पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२चा बसवणं. तो पडायचा थांबतो आणि भिंतीच्या आत वायर तापत राहते. जुन्या कट-आउटमध्ये फ्यूजची जाड तार घालणं हेही तेच. कोणी असं आधीच करून ठेवलं असेल तर त्या लाइनची मेगर टेस्ट सगळ्यात आधी करून घ्या.