सोळा तासांच्या विश्रांतीत झोप किती?

फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरातल्या लोको पायलटांनी, म्हणजे रेल्वेच्या इंजिनचालकांनी, ३६ तासांचे उपोषण केले. गाड्या थांबवल्या नाहीत, उपाशीपोटी चालवल्या. आठवड्याची सुट्टी ४६ तासांची हवी आणि सलग दोनपेक्षा जास्त रात्रपाळ्या नकोत, या त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी दोन. बहुतेक प्रवाशांना या उपोषणाचा पत्ताही लागला नाही. गाड्या बंद ठेवल्या असत्या तर पत्ता लागला असता आणि ठरलेली वाक्येही ऐकू आली असती: बसून तर काम, पगारावर किलोमीटरचा भत्ता, ड्यूटीनंतर सोळा तास घरी आराम, आता आणखी काय हवे? आम्हीही बारा बारा तास राबतोच की.

यातले ‘सोळा तास आराम’ हे कलम तपासून पाहण्यासारखे आहे. आकडा खरा आहे. आठ तास किंवा जास्त ड्यूटी करून हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या मूळ ठाण्याला, परतलेल्या रनिंग स्टाफला (गाडीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) साधारणपणे १६ तासांची विश्रांती मिळते, बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रामगृहात, ८ तासांची. पण हे तास भिंतीवरच्या घड्याळाचे असतात आणि झोप त्या घड्याळाला जुमानत नाही.

एक लोको पायलट दुपारी ४ वाजता साइन ऑफ करतो, म्हणजे ड्यूटी संपवतो. १६ तासांनी, सकाळी ८ वाजता पुन्हा साइन ऑन, म्हणजे ड्यूटीवर हजर. मधली रात्र अख्खी त्याची. दहाला आडवा झाला तरी सात तास झोप सहज होते. दुसरा सकाळी ६ वाजता साइन ऑफ करतो. त्याचेही १६ तास, म्हणजे रात्री १० वाजता साइन ऑन. घरी पोचून, अंघोळ-नाश्ता उरकून आठला झोपतो आणि दुपारी एकच्या सुमारास जागा होतो. रात्री गाडी हातात घेतो तेव्हा तो नऊ तास जागा असतो. पहाटे ४ वाजता पंधरा तास. कागदावर दोघांची विश्रांती सारखीच.

दुपारी एकला जाग का येते? आवाजाने, उकाड्याने, मुलांमुळे, हे तर आहेच. पण खोली अंधारी, थंड, शांत केली तरी रात्रपाळीहून आलेल्या माणसाची दिवसाची झोप रात्रीपेक्षा दीड-दोन तासांनी किंवा त्याहून जास्त तोकडी पडते. याचे स्पष्टीकरण अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ मध्ये मांडलेल्या द्विप्रक्रिया प्रारूपात मिळते. चाळीस वर्षांनंतरही झोपेचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

पहिली प्रक्रिया उधारीची. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचा रेणू साठत जातो. जितका वेळ जागे, तितके अ‍ॅडेनोसिन जास्त, तितका झोपेचा दाब जास्त. झोपेत हा साठा ओसरतो. चहा-कॉफीतले कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या बसण्याच्या जागा अडवून ठेवते. त्यामुळे झोप जाणवत नाही, पण साठा तसाच राहतो. कॅफिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून पहाटे ४ला घेतलेला कडक चहा सकाळी ८ वाजताच्या झोपेत नाक खुपसतोच.

दुसरी प्रक्रिया घड्याळाची. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन्ही नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. त्यातली प्रत्येक पेशी काही जनुकांची प्रथिने ठरावीक चक्रात बनवते आणि मोडते. हे चक्र २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठे असते आणि रोज उजेड पाहून जुळवून घेते. उजेडाची खबर देणाऱ्या डोळ्यातल्या पेशीही वेगळ्या, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. पाहण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही, ‘दिवस उजाडला’ एवढेच त्या कळवतात.

आता गंमत पाहा. हे घड्याळ दिवसभर जागेपणाचा जोर वाढवत नेते आणि तो जोर सगळ्यात जास्त असतो संध्याकाळी, नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत. दिवसभराचे अ‍ॅडेनोसिन साठलेले असते, तरी आपण सातच्या सुमारास टवटवीत असतो, ते यामुळे. या पट्ट्याला अभ्यासक झोपेचा निषिद्ध काळ म्हणतात. पहाटे ४ला साइन ऑन असलेल्या माणसाला ‘मग सातला झोपायचे ना’ असा सल्ला देणाऱ्याने स्वतः एकदा सातला झोपून पाहावे. उलट पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान शरीराचे तापमान नीचांकी जाते, घड्याळाचा आधार सुटतो आणि अ‍ॅडेनोसिनचा सगळा दाब उघडा पडतो. रात्रपाळीवाला सकाळी झोपतो तेव्हा घड्याळ चढणीला लागलेले असते. दाब थोडा उतरला की ते त्याला उठवते. पाच तास झोपला, तर तो घड्याळाशी भांडून मिळवलेला पाच तासांचा विजय समजावा.

घड्याळ रात्रपाळीला जुळवून घेत नाही का? घेते, पण दिवसाला तासाभराच्या आसपास आणि तेही सकाळचा उजेड डोळ्यांत जाऊ दिला नाही तर. लॉबीतून, म्हणजे हजेरीच्या खोलीतून, बाहेर पडताना उगवता सूर्य समोर असला की मेंदूला पुन्हा दिवसपाळीचाच निरोप जातो. मालगाडीवरच्या माणसाचे तर आज रात्र, परवा दुपार, नंतर पहाट असे चालते. जुळवून घ्यायचे कशाशी?

सलग रात्रींचा प्रश्न याला जोडूनच येतो. सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांनी २००३ मध्ये अनेक उद्योगांतली आकडेवारी एकत्र करून दाखवले की पहिल्या रात्रीच्या तुलनेत दुसऱ्या रात्री अपघाताची जोखीम सुमारे ६ टक्के, तिसऱ्या रात्री १७ टक्के आणि चौथ्या रात्री ३६ टक्के वाढते. वाढ सरळ रेषेत नाही, ती दुसऱ्या रात्रीनंतर वेग घेते. ‘दोनच रात्री’ ही मागणी हटवादी वाटत असेल त्यांनी हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

यावरचे लाडके उत्तर असते, ‘सवय होते’. त्याच वर्षी, २००३ मध्ये, हान्स व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांची सावधता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. झोप येते का, असे विचारल्यावर मात्र ती ‘थोडीशी’ म्हणत. सवय होते ती थकवा न जाणवण्याची. गुडाकेश, म्हणजे झोपेला जिंकणारा, हे विशेषण अर्जुनाला शोभते, लोको पायलटच्या भरतीत त्याची अट नाही.

साइन ऑन करताना लॉबीत ब्रेथ अ‍ॅनलायझरमध्ये फुंकावे लागते, ते योग्यच आहे. ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे रस्त्यावर वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. वरच्या उदाहरणातला सकाळी ६ला साइन ऑफ केलेला माणूस पुढच्या पहाटे ६ वाजता १७ तासांचा जागा असतो. त्याच्या फुंकरीत काहीच सापडत नाही.

इंजिनात यावर उपाय आहे, असेही सांगितले जाते. आहे. व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस, म्हणजे व्हीसीडी. सुमारे ६० सेकंद लोको पायलटने थ्रॉटल, ब्रेक, हॉर्न किंवा रिसेट बटण यांपैकी कशालाही हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, साधारण ८ सेकंदांनी बझर वाजतो आणि आणखी ८ सेकंदांनी ब्रेक आपोआप लागतो. बेरीज करा: ७६ सेकंद. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दोन किलोमीटरहून जास्त अंतर कापले गेले. स्वयंचलित सिग्नल पद्धतीत सिग्नल साधारण किलोमीटरभर अंतरावर असतात, या वेगाने ३६ सेकंदांना एक. मेलेल्या किंवा बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी हे यंत्र उत्तम आहे. डुलकी घेणाऱ्याचा घात होतो तो सूक्ष्म-झोपेने. ती दोन ते दहा सेकंदांची असते. डोळे उघडेही असू शकतात, मेंदूचा आलेख मात्र झोपेचा. पाच सेकंदांत गाडी १४० मीटर पुढे गेलेली असते आणि व्हीसीडीला काही कळलेले नसते. शिवाय बटण दाबणे इतके अंगवळणी पडते की अर्धवट झोपेतही बोट चालते.

स्वीडनमध्ये लार्स टॉर्सव्हाल आणि टॉर्बयर्न ऑकर्स्टेट यांनी ११ इंजिनचालकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून एकाच मार्गावर दिवसा आणि रात्री आलेख घेतले, ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रीच्या फेरीत अल्फा आणि थीटा लहरींची भर स्पष्ट दिसत होती. डोळे उघडे असताना अल्फा लहरी जोरात दिसणे म्हणजे मेंदूने बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवायला सुरुवात केली, असे ढोबळमानाने समजावे.

घाटातल्या वळणावर रात्री रुळांवर उभी राहणारी पांढऱ्या साडीतली बाई याच लहरींची लेक. झोपेचा दाब फार वाढला की स्वप्नातली चित्रे जागेपणात घुसतात, बहुतेकदा पहाटे आणि एकसुरी रस्त्यावर. नारळ फोडून ती जात नाही, दोन रात्री झोपल्यावर जाते. ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा बसली की सगळे प्रश्न मिटतील, हा आधुनिक नारळ. कवच लाल सिग्नल ओलांडू देत नाही आणि जिथे बसले आहे तिथे ते मोलाचे आहे. झोप भरून काढणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय देशातल्या बऱ्याच मोठ्या मार्गावर ते अजून पोचायचे आहे.

राहिला ४६ चा आकडा. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३३ नुसार रनिंग स्टाफला महिन्यात किमान ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांती मिळायला हव्यात आणि त्यात पूर्ण रात्र असावी. कर्मचाऱ्यांचे म्हणणे, रोजच्या ड्यूटीनंतरचे १६ तास वेगळे आणि हे ३० वेगळे, म्हणून ४६. कायद्याचा अर्थ न्यायालये लावतील, आपण घड्याळाचा लावू. पूर्ण रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ धरली, तर ३० तासांची सुट्टी रात्री ११ला सुरू झाल्यास तिसऱ्या दिवशी पहाटे ५ला संपते. दोन रात्रींना स्पर्श, पूर्ण एकही नाही. कुठल्याही क्षणी सुरू झाली तरी एक पूर्ण रात्र पदरात पडायची, तर ३२ तास लागतात. साचलेली उधारी फेडायला सहसा सलग दोन रात्री लागतात आणि त्यांची हमी द्यायची, तर ५६ तास. ४६ तासांत दोन पूर्ण रात्री मिळतात, पण सुट्टी सकाळी ८ ते रात्री १० च्या दरम्यान सुरू झाली तरच. सकाळी ६ला सुरू झालेली ४६ तासांची सुट्टी पहाटे ४ला संपते, आणि कॉल, म्हणजे ड्यूटीचे बोलावणे, साइन ऑनच्या दोन तास आधी, म्हणजे २ला येतो. तेव्हा मागणी अवाजवी तर नाहीच, उलट अपुरी आहे. तासांच्या जोडीला सुट्टी कधी सुरू व्हावी हेही तिच्यात लिहायला हवे होते.

तोपर्यंत हाताशी आहे ती वामकुक्षी. रात्रपाळीआधी संध्याकाळी नव्हे, दुपारी २ ते ४ च्या दरम्यान दीड तास, कारण तेव्हा घड्याळ थोडे ढिले पडते. रनिंग रूममध्ये वेळ कमी असेल तर २० मिनिटांचा गजर. चाळीस-पन्नास मिनिटांनी उठवले तर माणूस गाढ झोपेतून उठतो आणि पुढचा अर्धा तास डोके जड राहते. कॉल येतो तेव्हा तो कुठल्या झोपेत आहे हे मात्र कोणी पाहत नाही.