कार्टूनमधल्या बायकांना इच्छा कधीपासून झाल्या?

‘कार्टून म्हणजे पोरांचं, बायकांच्या वासना त्यात ओटीटीवाल्यांनी घुसवल्या’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. चूक. अमेरिकेत १९३० साली आलेली कार्टून-नायिका बेटी बूप थेटरात मोठ्यांसमोरच ठुमकत होती. १९३४ मध्ये सेन्सॉरचा बडगा आला आणि तिचा झगा लांबला. अर्थात ती पुरुषांनी, पुरुषी नजरेतून काढलेली.

बाईची नजर हवी तर ब्रिटिश अ‍ॅनिमेटर जोआना क्विनचा १९८७चा कार्टूनपट ‘गर्ल्स नाइट आउट’ बघा. जेमतेम सहा मिनिटांचा. कारखान्यात राबणारी, अंगानं भरलेली बेरिल वाढदिवसाला मैत्रिणींसोबत पबमध्ये पुरुष स्ट्रिपर बघते. पेन्सिलीची रेघसुद्धा खिदळते! हीच बेरिल २०२१च्या ‘अफेअर्स ऑफ द आर्ट’मध्ये परतली, थेट ऑस्कर नामांकनापर्यंत.