पार्श्वभूमी : ‘25 टक्के लॉक’चा घोळ

जुन्या बीएमडब्ल्यूचे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर मिळावा म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये बसवलेली यंत्रणा) ‘गेले’, हा निकाल बहुतेक वेळा जॅकवरच लागतो. मागचे एक चाक उचलायचे, गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि चाक हाताने फिरवायचे. सहज फिरले की आतल्या घर्षणाच्या प्लेटा संपल्या, असे धरून हजारोंचा खर्च सुरू होतो. हा निकाल पुष्कळदा चुकतो, आणि चुकीचे मूळ नावात आणि एका आकड्यात आहे.

ही रचना 1930च्या दशकात जर्मन ग्रां प्री शर्यतीच्या गाड्यांसाठी झाली. अमेरिकेत 1956-57पासून ती रोजच्या गाड्यांत आली आणि ‘लॉक’, ‘ग्रिप’ अशा नावांनी विकली गेली. जर्मनमधला ‘श्पेर’ हा शब्दही अडवण्याचाच. बीएमडब्ल्यूच्या डिफरन्शियलच्या हौसिंगवरच्या (बाहेरच्या कवचावरच्या) पत्र्याच्या पट्टीवर गिअर-गुणोत्तराच्या आधी असतो तो ‘एस’ त्याचाच. पण पूर्ण लॉक यात काहीच होत नाही.

ई 30 या जुन्या 3-सिरीज मालिकेत ‘लॉक’चा आकडा 25 टक्के होता. टक्के कशाचे? कुणी म्हणते, दोन चाकांच्या वेगात 25 टक्के फरक पडला की पकड बसते. कुणी म्हणते, घसरणाऱ्या चाकाची 25 टक्के ताकद दुसरीकडे जाते. दोन्ही चूक. दोन्ही चाकांना मिळून जेवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जातो, त्यातला जास्तीत जास्त किती हिस्सा फरक म्हणून राहू शकतो, तेवढेच हा आकडा सांगतो. एकूण 100 धरले तर 25 टक्क्यांत वाटणी 62.5 आणि 37.5 अशी होते. 40 टक्क्यांत 70 आणि 30.

आता हा फरक येतो कुठून? इंजिनाचा जोर आला की मधल्या पिना दाबरिंगांच्या तिरक्या खाचांवर चढतात, रिंगा बाहेर सरकतात आणि प्लेटा आवळल्या जातात. जॅकवर, न्यूट्रलमध्ये, हा जोर नसतोच. हाताला लागतो तो फक्त बशीसारख्या स्प्रिंगप्लेटांचा मूळ दाब. तो घटला तर प्लेटा झिजल्याचा संशय जरूर घ्यावा, पण 25 टक्क्यांची परीक्षा त्याने होत नाही. म्हणून टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) लावून, मॅन्युअलमधल्या त्याच हौसिंगच्या आकड्याशी ताडून बघणे हेच खरे.

तरीही जाड प्लेटा घालून मूळ दाब वाढवण्याची प्रथा रुळली आहे. चाक हाताला जड लागते, गिऱ्हाईक खूश होते. माझ्या मते हे गाडीचे नुकसान आहे: दोन्ही चाके एका वेगाने फिरायला बघतात, मंद वळणावर टायर घासतो आणि गाडी सरळ जायला ओढते.

त्यात त्याच मालिकेची चारही चाकांना जोर देणारी 325 आयएक्स आली, तिच्या मागच्या डिफरन्शियलात व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवावर चालणारी जोडणी). ते वेगाच्या फरकावर आवळते, त्यामुळे हळू फिरवले तर शाबूत असूनही हलके लागते.

उलट टोकाची तक्रार म्हणजे मंद वळणावरची कटकट आणि घरघर. पुष्कळ वेळा ती लिमिटेड-स्लिपसाठी नसलेल्या गिअर ऑइलची असते. हौसिंग उतरवण्याआधी योग्य तेल भरून मोकळ्या मैदानात आठ-दहा वेळा इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवावी, म्हणजे तेल प्लेटांमध्ये शिरते. त्यानंतरही आवाज राहिला, किंवा काढलेल्या तेलाला करपल्याचा वास येत असला, तर मग पाना हातात घ्यावा.